वऱ्हाडचं ऊन आणि मनाची औषधं

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा ज्या घरात कुणी लिथियम घेतं त्या घरानं अधिक सावध राहायला हवं. हा साधा क्षार उन्मादावर चालतो, हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी 1949 मध्ये मांडलं. मूत्रपिंड त्याला मिठासारखंच वागवतं. तुरीच्या शेतात दिवसभर घाम गाळला, पाणी कमी प्यालं, की मूत्रपिंड अंगातलं मीठ धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. गोळी तीच, मात्रा तीच. पण रक्तातलं प्रमाण वाढत जातं. हात जोरात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो, जीभ जड होते. घरच्यांना वाटतं, ऊन लागलं. त्यातच पाठ दुखते म्हणून मेडिकलवरून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी लिथियम आणखी साठवते. अशा वेळी रक्ततपासणी तातडीची असते.

औषध अंगावर येण्याचं ऊन हे एक कारण. दुसरं यकृतात आहे. तिथली विकरं औषधाची मोडतोड करतात आणि त्यांचा वेग जन्मतः वेगवेगळा असतो. नैराश्यावरचं एस्सिटॅलोप्राम मोडणारं विकर मंद असलेली माणसं युरोपपेक्षा आपल्याकडे जास्त आढळतात. त्यांना नेहमीचीच मात्रा भारी पडते. बिडीचं तर बघण्यासारखं आहे. तिच्या धुरातल्या घटकांनी एक विकर चेतवलं जातं आणि ओलँझापिन, क्लोझापिन ही मनोविकारावरची औषधं लवकर संपतात. दवाखान्यात भरती झाल्यावर बिडी सुटली, की तीच मात्रा अंगावर येते. माणूस दिवसभर पेंगतो. खर्रा खाणाऱ्याचं असं होत नाही, कारण हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. म्हणून डॉक्टरांनी नुसतं ‘तंबाखू आहे का’ विचारून भागत नाही.

तिसरं कारण औषधाच्या स्वभावातच आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग जगापुढे ठेवला. तिच्यातलं रेसरपिन पुढे मनोरुग्णांनाही दिलं गेलं. काही शांत झाले, पण काहींचे हातपाय ताठरले, काही खिन्न झाले. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी दाखवलं, की रेसरपिननं मेंदूतलं डोपामिन हे रसायन रितं होतं आणि हालचाल थांबते. डोपामिन विचारांशी जोडलेलं आहे, तसंच हालचालीशी आणि दुधाच्या संप्रेरकाशीही. म्हणून डोपामिनला अडवणाऱ्या हॅलोपेरिडॉलनं एखाद्या तरण्या पोराची मान अचानक वाकडी होते आणि तशाच रिस्पेरिडोननं एखादीची पाळी थांबते. हा ताठरपणा कमी करायला दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल घाम अडवते, आणि उन्हाळ्यात तोही धोका असतो.

सगळ्यात अवघड दिवस मात्र नैराश्याच्या गोळीचे पहिले दोन-तीन आठवडे. ही गोळी सेरोटोनिनवर काम करते आणि अंगातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असल्यानं मळमळ लगेच सुरू होते. मन हलकं व्हायला वेळ लागतो. त्रास आधी, गुण नंतर. हे आधी सांगितलं नाही, तर माणूस ‘मले नाही झेपत’ म्हणून गोळ्या बंद करतो, यात त्याचा काय दोष? पुढे महिनोन्महिने घेतलेली गोळी एकदम सोडली, की चक्कर येते, झोप उडते, डोक्यात झिणझिण्या येतात. मग ‘सवय लागली’ असा बोभाटा होतो आणि शेजारचाही उपचार टाळतो.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले, असं 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. आत्महत्यांच्या आकड्यांनीच ओळखल्या जाणाऱ्या या भागात ही मोठी गोष्ट आहे. दाराशी आलेला माणूस टिकवायचं काम याच कार्यकर्त्यांना जमेल असं मला ठामपणे वाटतं. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना न सुचणारे प्रश्न ते ओसरीवर बसून विचारू शकतात: बिडी कधी सोडली, पाठीची गोळी कुठून आणली, उन्हात किती वेळ होता, पाळी चुकली का. औषधाचा दुष्परिणाम कळवायला देशपातळीवर 1800-180-3024 हा मोफत क्रमांक आहे, आणि तिथं रुग्णाला स्वतःही नोंद करता येते.