सामायिक बाजारपेठ आणि मालाच्या सुरक्षिततेची हमी

भिन्न कायद्यांची राष्ट्रे एकत्र येऊन एकच बाजारपेठ उभारतात, तेव्हा जकातीची नाकी उठविणे हा त्या कार्यातील सोपा भाग होय. नाक्यावर केवळ कर गोळा होत नसे; येणारा माल थोडाबहुत पारखलाही जाई. नाकी उठली की ही पारखही उठते, आणि एका देशातील सदोष वस्तू शेजारच्या देशांतील घरांत बिनदिक्कत पोचते. मग ही पारख कोठे व कोणी करावयाची? युरोपीय संघाने या प्रश्नाला दिलेले उत्तर अभ्यसनीय आहे. त्याची रचना सुविहित आहे, पण तीतील एक सांधा प्रारंभापासून कच्चा राहिला आहे.

या रचनेचा उगम एका मद्याच्या खटल्यात सापडतो. फ्रान्समधील ‘कासिस द दिजाँ’ या फळांच्या मद्यात अल्कोहोलचे प्रमाण १५ ते २० टक्के असे. जर्मन कायद्याला अशा मद्यात किमान २५ टक्के हवे होते. सौम्य मद्यामुळे लोकांना पिण्याची सवय अधिक सहज जडते, असा आरोग्यविषयक युक्तिवाद जर्मन सरकारने गंभीरपणे मांडला होता! युरोपीय न्यायालयाने २० फेब्रुवारी १९७९ रोजी तो फेटाळला. एका सदस्य राष्ट्रात कायदेशीरपणे तयार होऊन विकला जाणारा माल दुसऱ्या राष्ट्राने सबळ कारणावाचून अडवू नये, हे तत्त्व त्यातून रूढ झाले.

तथापि यंत्रे, खेळणी, वैद्यकीय साधने यांच्या बाबतीत ‘सबळ कारण’ नेहमीच दाखविता येते. म्हणून १९८५ साली संघाने नवी पद्धती स्वीकारली. तीनुसार कायद्याने सुरक्षिततेच्या मूलभूत अपेक्षा तेवढ्या सांगावयाच्या. तांत्रिक तपशील मानकांवर सोपवावयाचा. आणि मानके ऐच्छिक असली तरी ती पाळणाऱ्याचा माल कायद्यास अनुरूप आहे असे गृहीत धरावयाचे. अनुरूपतेची ग्वाही उत्पादक स्वतः देतो व मालावर ‘सीई’ ही अक्षरे उमटवितो. येथे भारतीय वाचकाचा गैरसमज होण्याचा संभव आहे. आपल्याकडील ‘आयएसआय’ चिन्ह वापरण्यास भारतीय मानक ब्यूरोचा परवाना लागतो. ‘सीई’ हे चिन्ह कोणी बहाल केलेले नसते. ते उत्पादकाचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र होय.

अधिक धोक्याच्या वस्तूंसाठी मात्र त्रयस्थ तपासणी आवश्यक असते. ती करणाऱ्या संस्था सदस्य राष्ट्रांनी अधिसूचित केलेल्या असतात, पण त्यांचे शुल्क उत्पादकच भरतो आणि संस्थेची निवडही तोच करतो. परीक्षार्थीने परीक्षक नेमावा, त्यातलाच हा प्रकार. यावर अंकुश म्हणून २००८ च्या ७६५ क्रमांकाच्या विनियमाने अधिस्वीकृतीची, म्हणजे तपासनीसांच्या पात्रतेचीच तपासणी करण्याची, व्यवस्था घालून दिली. १ जानेवारी २०१० पासून ती लागू झाली. अधिस्वीकृती देणारी संस्था प्रत्येक राष्ट्रात एकच असावी, तिने नफा कमावू नये, आणि ज्यांची पात्रता ती तपासते त्यांच्याशी व्यवसायात स्पर्धा करू नये, असे बंधन त्यात आहे. पात्रतेची प्रमाणपत्रे स्वस्तात मिळविण्याची वाट त्यामुळे बंद झाली. परंतु पात्र तपासनीस योग्य वेळी योग्य जागी पाहीलच, याची हमी कोणताही विनियम देऊ शकत नाही.

त्याच वर्षी याचा विदारक प्रत्यय आला. वक्षरोपणासाठी सिलिकोनच्या पिशव्या बनविणारा दक्षिण फ्रान्समधील एक कारखाना मान्य प्रतीच्या द्रव्याऐवजी हलके औद्योगिक सिलिकोन वापरीत असल्याचे मार्च २०१० मध्ये उघडकीस आले. जगभरच्या सुमारे ३ लाख स्त्रियांच्या शरीरात त्या पिशव्या बसविल्या गेल्या होत्या. अधिसूचित संस्थेने १९९८ ते २००८ या काळात कारखान्यास आठ भेटी दिल्या होत्या; प्रत्येक भेट आगाऊ कळवून दिलेली होती. लबाडी पकडली ती फ्रेंच सरकारच्या निरीक्षकांनी. एका जर्मन रुग्ण स्त्रीने त्या संस्थेविरुद्ध लावलेल्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१७ रोजी निर्णय दिला: न कळविता भेट देणे, वस्तू वा हिशेबाची कागदपत्रे तपासणे हे संस्थेचे सर्वसाधारण कर्तव्य नव्हे, मात्र संशयास पुरावा दिसताच तिने आवश्यक ती सर्व पावले उचलली पाहिजेत. आता संशयाचा पुरावा आगाऊ कळविलेल्या भेटीत कसा हाती लागावा? २०१३ साली संघाच्या आयोगाने तीन वर्षांतून किमान एकदा अचानक भेट द्यावी अशी शिफारस केली. २०१७ च्या वैद्यकीय साधनांच्या विनियमाने ती सक्तीची केली खरी, पण मुदत पाच वर्षांची ठेवली.

बाजारात आलेल्या मालावरील देखरेख हाच तो कच्चा सांधा होय. बाजार सामायिक झाला, निरीक्षक मात्र ज्याच्या त्याच्या राष्ट्राचे राहिले. त्यांची संख्या व त्यांचा खर्च ते ते राष्ट्र ठरविते. जेथे निरीक्षण ढिले, तेथून शिरलेला माल सर्वत्र पोचतो. एका राष्ट्राने पकडलेली धोकादायक वस्तू इतरांस तातडीने कळविण्याची यंत्रणा १९८४ पासून आहे व आज ती ‘सेफ्टी गेट’ या नावाने चालते. पण सूचना पोचली तरी माल दुकानांतून उचलण्याचे काम प्रत्येक राष्ट्राला आपल्या हद्दीत स्वतःच करावे लागते.

त्यात परदेशी विक्रेत्याकडून टपालाने थेट घरी येणाऱ्या पुडक्यांची भर पडली. ती हजारो मैलांवरून येत असल्याने दोष आढळला तरी जाब विचारावयास संघाच्या हद्दीत कोणीच सापडत नसे. म्हणून २०१९ च्या १०२० क्रमांकाच्या विनियमाने काही वर्गांतील वस्तूंसाठी संघात राहणारा जबाबदार इसम वा संस्था असणे आवश्यक केले. २०२३ च्या सुरक्षा-विनियमाने १३ डिसेंबर २०२४ पासून हे बंधन सर्वसाधारण ग्राहकोपयोगी वस्तूंनाही लावले. वेष्टनावर त्या जबाबदार पक्षाचे नाव व पत्ता छापलेला असतो. त्या पत्त्यावर खरोखर कोणी आहे की नाही, हे मात्र निरीक्षकालाच जाऊन पाहावे लागते.