छोट्या विमानातलं एक्झॉस्ट लीकेज कसं शोधतात? वास न येणारा धोका समजून घ्या

बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता आणि आत कुणीतरी बेशुद्ध पडलं, अशी बातमी तुम्ही वाचली असेलच. त्यामागे असतो कार्बन मोनॉक्साइड, म्हणजेच सीओ. हाच वायू पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानातही शिरू शकतो. तिथे दार उघडून बाहेर पळायची सोय नसते, आणि ज्याला गुंगी येते तोच विमान चालवत असतो.

२१ जानेवारी २०१९ ला फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधल्या नांतहून कार्डिफला निघाला होता. त्याचं पायपर मालिबू विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. सालाच्या रक्तात सीओने व्यापलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण ५८ टक्के निघालं. पायलटलाही सीओची बाधा झाली असावी, असं ब्रिटनच्या तपास संस्थेने २०२० च्या अहवालात म्हटलं. आवाज करून सावध करणारा सीओ डिटेक्टर त्या विमानात नव्हता.

धूर केबिनमध्ये येतो कसा?

सेसना १७२ चं उदाहरण घेऊया. जगभर पायलट ट्रेनिंगसाठी वापरलं जाणारं हे विमान. यात हीटरसाठी वेगळी यंत्रणा नसते. इंजिनाच्या सायलेन्सरभोवती पत्र्याचं एक आवरण असतं. बाहेरची थंड हवा त्या दोघांच्या मधून जाते, गरम होते आणि केबिनमध्ये येते. म्हणजे विषारी धूर आणि तुमच्या श्वासाची हवा यांच्यामध्ये फक्त सायलेन्सरचा पातळ पत्रा!

एक्झॉस्टचं तापमान ७०० ते ८०० अंश सेल्सियसपर्यंत जातं. गरम-थंड होऊन आणि सतत थरथरून तो पत्रा कधीतरी तडकतो. मग हीटर चालू केला की धूर थेट आत.

पण फक्त हीटरला दोष देऊन चालत नाही. उडताना केबिनमधला दाब काही ठिकाणी बाहेरच्यापेक्षा कमी होतो. अशा वेळी दाराचं झिजलेलं रबर किंवा इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतली वायरची भोकं, कुठूनही धूर ओढला जाऊ शकतो.

मेकॅनिक लीकेज कसं शोधतो?

१. डाग बघून: विमानाच्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी आजही शिसं असतं. त्यामुळे जिथून धूर निसटतो तिथे राखाडी-पांढरट किंवा काजळीसारखे ओघळ दिसतात. सिलेंडरला पाइप जोडतो ती जागा, गॅस्केट, वेल्डिंगचे सांधे आणि क्लॅम्प ही पहिली संशयाची ठिकाणं. म्हणून तपासणी इंजिन धुण्याच्या आधी करतात. आधी धुतलं तर पुरावाच गेला!

२. आवरण काढून: सगळ्यात धोकादायक तडा सायलेन्सरवर, आवरणाच्या आत लपलेला असतो. वरून सगळं चकाचक दिसलं तरी आवरण उघडून, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघावंच लागतं. सायलेन्सरच्या आत डोकवायला बोअरस्कोप, म्हणजे लांब वायरच्या टोकाला असलेला बारीक कॅमेरा वापरतात. यातले काही थेट मोबाईलला जोडता येतात.

३. साबणाचं पाणी लावून: सायकलच्या ट्यूबचं पंक्चर आपण पाण्यात बुडवून शोधतो, तीच आयडिया. इंजिन थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू एक्झॉस्ट पाइपला जोडतात आणि हलक्या दाबाने हवा भरतात. मग सांध्यांवर आणि सायलेन्सरवर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडे आले की लीकेज सापडलं. एकात एक सरकणाऱ्या सांध्यांवर थंड असताना थोडे बुडबुडे येऊ शकतात, कारण ते गरम झाल्यावर फुगून घट्ट बसतात. पण सायलेन्सरच्या पत्र्यावर किंवा वेल्डिंगवर एकही बुडबुडा चालत नाही.

एक खास नियम: सापडलेल्या जागेवर साध्या शिसपेन्सिलीने खूण करायची नाही. पाइप तापला की पेन्सिलीतला कार्बन धातूत शिरतो आणि पुढे तिथेच नवा तडा जाऊ शकतो.

४. उडवून मोजून: जमिनीवर काहीच सापडलं नाही, तर डिजिटल मीटर घेऊन विमान उडवतात. हीटर चालू, हीटर बंद, चढताना, कमी वेगात, अशा प्रत्येक स्थितीत आकडा लिहून ठेवतात. हीटर चालू केल्यावरच आकडा चढला तर संशय सायलेन्सरवर. हीटर बंद असूनही चढला तर दाराचं रबर आणि भिंतीतली भोकं तपासायची.

मग डिटेक्टर कोणता?

स्वस्तातलं कार्ड मिळतं. सीओ लागला की त्यावरचा ठिपका काळपट होतो. पण ते आवाज करत नाही, काही महिन्यांत निकामी होतं आणि गुंगीत असलेला पायलट ठिपक्याकडे बघेलच असं नाही. घरातला अलार्मही इथे कामाचा नाही. अमेरिकी मानकानुसार असा अलार्म ७० पीपीएमला वाजायला १ ते ४ तास घेऊ शकतो. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांतले किती भाग. विमानासाठी कमी पातळीलाच आकडा दाखवणारा आणि जोरात वाजणारा डिटेक्टर हवा. काही नवी उपकरणं हा इशारा थेट पायलटच्या टॅबवर देतात.

अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाला १९८२ ते २०२० या काळात सीओमुळे झालेले ३१ विमान अपघात सापडले. त्यात ४२ जणांचा जीव गेला. त्यापैकी फक्त एका विमानात डिटेक्टर होता. असे डिटेक्टर सक्तीचे करा, असं या मंडळाने २००४ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये सांगितलं.

माझं स्मार्टवॉच सांगेल ना?

नाही! हा गैरसमज जीवावर बेतू शकतो. सीओ हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. घड्याळातला किंवा बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून अंदाज घेतो, आणि सीओ चिकटलेलं रक्तही त्याला लालभडकच दिसतं. त्यामुळे शरीर ऑक्सिजनसाठी तडफडत असताना स्क्रीनवर ९८ टक्के दिसू शकतं. आपल्या नेहमीच्या मोबाईलमध्येही सीओ ओळखणारा सेन्सर नसतो.

उडताना संशय आला तर?

डोकं जड, मळमळ, झोप, साध्या गोष्टीत गोंधळ, ही लक्षणं थकव्यासारखीच वाटतात. म्हणून फसायला होतं. अशा वेळी हीटर बंद, बाहेरच्या हवेचे व्हेंट पूर्ण उघडे, ऑक्सिजन असेल तर लगेच चालू, कंट्रोल टॉवरला कळवायचं आणि जवळच्या धावपट्टीवर उतरायचं. बरं वाटलं म्हणून प्रवास पुढे चालू ठेवायचा नाही. साध्या हवेत रक्तातला सीओ निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात. उतरल्यावर रक्ततपासणी करायची, आणि लीकेज सापडून दुरुस्त होईपर्यंत ते विमान उडवायचं नाही.

तुमच्यापैकी कुणी बारामती किंवा गोंदियाला पायलट ट्रेनिंगला जाणार असेल, तर पहिल्याच दिवशी दोन प्रश्न जरूर विचारा: या विमानात वाजणारा सीओ डिटेक्टर आहे का? आणि सायलेन्सरचं आवरण काढून शेवटची तपासणी कधी झाली?