रिकामा दिसणारा रस्ता

रविवारी संध्याकाळी खंडाळ्याला घाटाच्या कडेशी उभे राहिले, की मुंबईला जाणाऱ्या दोन वाटा नजरेस पडतात. एक, २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग. सुट्टी संपवून परतणाऱ्या मोटारींची रांग त्यावर मुंगीच्या पावलांनी सरकत असते. दुसरी, १८६३ साली खुला झालेला बोरघाटातील लोहमार्ग. त्याचे रूळ बहुतेक वेळ रिकामेच! मध्येच एखादी गाडी धडधडत जाते आणि पुन्हा सारे शांत होते. पाहणाऱ्याला वाटते, खरी वाहतूक होते ती रस्त्यावरच. विद्यार्थी मित्रांनो, डोळ्यांची ही साक्ष आपण गणिताने तपासून पाहू या.

रस्त्याच्या एका वाहनापुरत्या पट्ट्याला मार्गिका म्हणतात. समजा, एका मार्गिकेतून मोटारी ताशी ३६ कि.मी., म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात आहेत. पुढच्या चालकाने ब्रेक लावला, तर ते लक्षात येऊन आपला पाय ब्रेकवर जाईपर्यंत थोडा वेळ जातोच. म्हणून दोन मोटारींत निदान दोन सेकंदांचे, म्हणजे २० मीटर अंतर हवे. मोटारीची लांबी ४ मीटर धरली, तर प्रत्येक मोटार रस्त्याचे २४ मीटर अडवते. एका ठिकाणाहून दर २.४ सेकंदांनी एक, म्हणजे तासाला १५०० मोटारी जातील. मोटारीत दोन माणसे धरली, तर माणसे झाली ३०००.

वेग दुप्पट केला तर? अंतरही दुप्पट, म्हणजे ४० मीटर ठेवावे लागेल. गणित करा : तासाला सुमारे १६३६ मोटारी. वेग दुप्पट, पण वाढ शंभराला नऊच! उलट कोंडी होऊन वेग सेकंदाला २ मीटरवर आला, तर मोटारी ९०० च उरतात. म्हणजे रस्त्याची सर्वात जास्त गरज असते, नेमका तेव्हाच तो कमी काम करतो.

आता रुळांकडे वळू. सोळा डब्यांच्या गाडीत हजार माणसे सहज बसतात. ही गाडी सुमारे ४०० मीटर लांब. त्याच १० मीटर वेगाने ती तुमच्यासमोरून ४० सेकंदांत निघून जाईल. तेवढ्याच माणसांना ५०० मोटारी लागतील. त्यांची रांग होईल १२ कि.मी. लांब, आणि ती जायला लागतील २० मिनिटे! अर्थात गाड्या एकीमागून एक इतक्या जवळ सोडता येत नाहीत. सुरक्षिततेसाठी मध्ये बराच मार्ग मोकळा ठेवावाच लागतो. पण रूळ रिकामे दिसतात याचे मुख्य कारण हेच, की ते आपले काम चटकन उरकतात.

हेच गणित घाट उतरून शहरात न्या. पुण्यात २००६ च्या डिसेंबरात स्वारगेट, कात्रज आणि हडपसर या भागांत बससाठी राखीव मार्गिका सुरू झाल्या. राखीव मार्गिकेतून दर अर्ध्या मिनिटाला ५० उतारूंची एक बस गेली, तर तासाला १२० बसगाड्या आणि ६००० माणसे होतात. मोटारींच्या मार्गिकेच्या दुप्पट! पण सेकंदाला १० मीटर वेगाने दोन बसगाड्यांत ३०० मीटर अंतर राहील. शेजारी कोंडीत अडकलेल्या चालकाला ही मार्गिका ओसच दिसणार. मग तो म्हणतो, “ही जागा आम्हांला का देत नाही?” तशी ती दिली, की बसही त्याच कोंडीत सापडते, तिला उशीर होतो, उतारू कंटाळून स्कूटर घेतात, आणि गर्दी आणखी वाढते.

त्या चालकाची तक्रार नेहमीच चुकीची असते, असे मात्र नाही. बस दहा मिनिटांनी एकच येत असेल, तर तासाला माणसे होतील अवघी ३००. तेव्हा मार्गिका खरोखरच वाया जाते. नुसता रस्ता राखून भागत नाही. पुरेशा बसगाड्याही हव्यात. शिवाय प्रत्येक उतारू थांब्यापर्यंत पायी येतो आणि उतरल्यावर पुन्हा पायीच जातो. पदपथ मोडका असेल, रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागत असेल, तर म्हातारी माणसे आणि लहान मुले बसपर्यंत पोचणार कशी? पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचाऱ्यांसाठी धोरण स्वीकारले, त्याचे महत्त्व यातच आहे. पुढे पुण्यातील राखीव मार्गिकांचे काही भाग काढूनही टाकण्यात आले. म्हणजे हा वाद अजून मिटलेला नाही.

भारत सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणाने सांगितले, की रस्त्याची जागा वाटताना वाहनांपेक्षा माणसांचा विचार आधी करावा. हे दयेचे नव्हे, हिशेबाचे बोलणे आहे. शहरातील रस्ता रबरासारखा ताणता येत नाही. दोन्ही बाजूंना घरे असतात.

आता एक प्रयोग करा. शाळेजवळच्या पदपथावर सुरक्षित जागी, शिक्षकांसह दहा मिनिटे उभे राहा. मोटारी, दुचाकी, बसगाड्या आणि पायी जाणारे यांची वेगवेगळी नोंद ठेवा. मग वाहने सोडून माणसे मोजा आणि सहाने गुणा. कोणाला किती जागा मिळते, हेही पावलांनी मोजून शेजारी लिहा. त्या दोन आकड्यांकडे पाहून तुमच्या रस्त्याची वाटणी न्याय्य आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा.