चलन बिलातील तरंगत्या शाळा

प्राथमिक शाळा वस्तीपासून किती दूर असावी, या प्रश्नाचा विचार करताना आपण अंतर किलोमीटरांत मोजतो. वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी, हा आपल्याकडील निकषही त्याच हिशेबावर आधारलेला आहे. परंतु घर आणि शाळा एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असूनही वर्षातील तीन-चार महिने मुलाला शाळेत पाऊल टाकता येत नाही, असेही प्रदेश जगात आहेत. तेथे किलोमीटरांचा हिशेब निरुपयोगी ठरतो. बांगलादेशाच्या वायव्य भागातील चलन बिल हा असाच एक प्रदेश होय.

बंगाली भाषेत सखल, खोलगट पाणथळ भूमीला ‘बिल’ म्हणतात. नाटोर, पाबना आणि सिराजगंज या जिल्ह्यांत पसरलेले चलन बिल हे त्या देशातील सर्वांत मोठे बिल मानले जाते. आत्राई, बडाल, गुमानी आदी नद्या त्याला पाणी पुरवितात. हिवाळ्यात पाणी ओसरले म्हणजे येथे भाताची हिरवी शेते डोलतात. आषाढ लागला की तीच शेते पाण्याखाली जातात आणि मातीचा भराव घालून उंचावलेल्या जागांवरील वाड्या बेटांसारख्या उरतात. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या घराण्याची पतिसर येथील जमीनदारी याच परिसरात होती. रयतेला सावकाराच्या तावडीतून सोडविण्यासाठी १९०५ साली त्यांनी पतिसरला कृषी बँक काढली होती, हे येथे सहज आठवते.

पूर ही बांगलादेशात आपत्ती आहे आणि जीवनक्रमाचा भागही आहे. सामान्य वर्षातही देशाच्या भूमीचा सुमारे पाचवा हिस्सा पाण्याखाली जातो. १९८८ आणि १९९८ या वर्षी तर निम्म्याहून कितीतरी अधिक देश जलमय झाला आणि १९९८ चा पूर दोन महिन्यांहून अधिक काळ रेंगाळला. अशा वेळी शाळा बंद पडतात, नदीकाठ खचून काही इमारती पात्रात जातात, आणि ज्या उभ्या राहतात त्यांत बहुधा पूरग्रस्तांचा निवारा होतो. मूल दोन-तीन महिने शाळेपासून तुटले की ते मासेमारीला किंवा घरकामाला लागते. मुलींच्या बाबतीत तर पाणी ओसरल्यावरही आईवडील त्यांना पुन्हा शाळेत पाठवितीलच, याची खात्री नसते. शाळेतील गळतीची कारणे शोधताना पालकांच्या अनास्थेवर बोट ठेवणे सोपे असते. चलन बिलात मात्र पहिले कारण पाणी हेच आहे.

नाटोर जिल्ह्यातील शिधुलाई या गावाशी नाते असलेल्या मोहम्मद रेझवान या तरुणाने हे लहानपणापासून पाहिले होते. त्याच्या कुटुंबाची स्वतःची नाव होती, म्हणून तो पावसाळ्यातही शाळेत जाऊ शके. ज्यांच्या घरी नाव नव्हती ते सवंगडी मागे राहात. पुढे त्यांनी ढाक्यात वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. नव्या वास्तुशास्त्रज्ञाला त्या वाढत्या राजधानीत कामाची वाण पडली नसती. परंतु जी इमारत पुढच्या पावसाळ्यात बुडणार ती उभारण्यात अर्थ नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. गावाकडे शाळा किंवा दवाखाना बांधायचा तर तो तरंगताच हवा, या विचारातून १९९८ साली त्यांनी ‘शिधुलाई स्वनिर्भर संस्था’ स्थापन केली. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम बावीस वर्षांचे होते आणि हाती असलेले भांडवल सुमारे पाचशे डॉलर एवढेच होते. पहिली शाळानौका पाण्यात उतरण्यास २००२ साल उजाडावे लागले. मधली चार वर्षे लोकांना पटविण्यात आणि पैसा जमविण्यात गेली. नौकेवर शाळा भरू शकते, हे प्रथम गावकऱ्यांनाच खरे वाटत नव्हते.

नौकेची रचना

या शाळानौकेची कल्पना बाहेरून आणलेली नाही. त्या भागातील सुतार पिढ्यान्पिढ्या ज्या प्रकारच्या नावा बांधत आले, त्यांतच आवश्यक ते फेरफार करून ती सिद्ध झाली आहे. तळ सपाट ठेवलेला असल्यामुळे उथळ पाण्यातही ती चालते आणि थेट काठाला लागते. सुमारे पन्नास फूट लांब आणि दहा-अकरा फूट रुंद अशा या नौकेत छताला मध्ये कोठेही खांबाचा आधार नाही. त्यामुळे बाके मांडून तीस मुलांचा वर्ग बसविण्याइतकी सलग जागा मिळते. छप्पर पावसाला दाद न देणारे आणि दोन्ही बाजूंना उतरते. कडेच्या मोकळ्या खिडक्यांतून उजेड व वारा भरपूर येतो. छपरावर सौरपट्ट्या बसविलेल्या असतात. त्यांच्या विजेवर दिवे आणि संगणक चालतात. ज्या वाड्यांत वीज उशिरा पोहोचली, तेथील मुलांनी संगणक प्रथम पाहिला तो नावेवर.

दैनंदिन व्यवहार साधा आहे. सकाळी नौका निघते, एकेका वाडीच्या घाटाला लागत मुलांना घेते, आणि सर्व मुले जमली की शेवटच्या ठिकाणी नांगर टाकून वर्ग सुरू होतो. म्हणजे हीच शाळा आणि हीच शाळेची गाडी. दोन-तीन तासांचा वर्ग संपला की मुलांना ज्याच्या त्याच्या घाटावर सोडून नौका दुसऱ्या तुकडीसाठी पुढे जाते. दिवसाला अशा तीन तुकड्या आणि आठवड्याचे सहा दिवस, असा क्रम असतो. एका नौकेवर या हिशेबाने नव्वदांच्या आसपास मुले शिकतात. शिकविले जाते ते देशाच्या प्राथमिक अभ्यासक्रमानुसारच, मात्र नदी, पाणी, मासे आणि परिसर यांच्या ज्ञानाची त्याला जोड दिलेली असते. शुल्क नाही; वह्या-पुस्तके संस्था देते.

मुलींच्या उपस्थितीवर या पद्धतीचा झालेला परिणाम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. दूरच्या शाळेत मुलीला एकटीने पाठविण्यास नाखूष असलेले पालक दारातून निघून दारातच परतणाऱ्या नौकेला हरकत घेत नाहीत. नौका घाटाला लागते तेव्हा आई तेथे उभी असते. शिक्षिका कोण, वर्ग कसा, हे तिला डोळ्यांनी दिसते. अनेक ठिकाणी पालकसभेसाठी वेगळी निमंत्रणे धाडूनही जे साधत नाही, ते येथे रोजच्या रोज आपोआप घडते.

शाळेपाठोपाठ ग्रंथालयाच्या, दवाखान्याच्या आणि प्रौढांच्या प्रशिक्षणाच्या नौकाही आल्या. सायंकाळी एखाद्या घाटावर नौका थांबवून शेती, आरोग्य आणि पाण्याची निगा यांविषयीची चित्रे व फिती पडद्यावर दाखविण्यात येतात. नौकेवर भारित केलेले सौर कंदील मुले घरी नेतात. रॉकेलच्या चिमणीऐवजी घरात स्वच्छ उजेड पडतो आणि त्या उजेडात मुलाचा अभ्यास व आईचे शिवणकाम दोन्ही होतात. शेती बुडालेल्या महिन्यांसाठी संस्थेने तरंगत्या वाफ्यांचा प्रयोगही केला. जलपर्णीच्या थरांवर भाजीपाला, त्यालगत बदकांचा खुराडा आणि जाळ्याने वेढलेल्या पाण्यात मासे, अशी त्याची मांडणी असते. तरंगत्या वाफ्यांवर पीक घेण्याची परंपरा बांगलादेशाच्या दक्षिण भागात फार जुनी आहे. संस्थेने तिला बदके आणि मासे जोडले, इतकेच.

पैशाचा प्रश्न

२००५ साली गेट्स प्रतिष्ठानाचा दहा लक्ष डॉलरचा पुरस्कार मिळाला आणि संस्थेच्या कार्यास वेग आला. २०२५ साली युनेस्कोचा कन्फ्यूशियस साक्षरता पुरस्कारही या शाळांना लाभला. शाळानौकांची संख्या आता वीसहून अधिक आहे. ‘ब्रॅक’ या बांगलादेशातीलच विशाल संस्थेनेही पुढे ईशान्येकडील हाओर प्रदेशात नौकाशाळा चालविल्या.

असे असले तरी या आकड्यांनी दिपून जाण्याचे कारण नाही. वीस-पंचवीस नौकांवर फार तर दोन-अडीच हजार मुलांची सोय होते. पुरात सापडणाऱ्या मुलांची संख्या लाखांत आहे. शिवाय नौका ही इमारतीप्रमाणे एकदा बांधून विसरण्याची वस्तू नव्हे. लाकूड कुजते, डांबर पुन्हा लावावे लागते, यंत्राला इंधन आणि नावाड्याला वेतन द्यावे लागते. हा खर्च दरवर्षीचा आहे. देणगीदारांना नवी नौका पाण्यात सोडण्यात जो उत्साह असतो, तो जुन्या नौकेची डागडुजी करण्यात क्वचितच आढळतो. विकसनशील देशांतील बहुतेक लहान धर्मादाय संस्थांची खरी कसोटी येथेच लागते. लहान संस्था नवी वाट काढून दाखवू शकते. त्या वाटेने सर्व मुलांना नेण्याचे काम मात्र शासनाच्या अंदाजपत्रकाशिवाय होणे कठीण आहे.

या संदर्भात नायजेरियातील एक उदाहरण बोलके आहे. लागोस शहरालगतच्या खाजणात मकोको नावाची पाण्यावरील वस्ती आहे. तेथे २०१३ साली प्लास्टिकच्या अडीचशेहून अधिक पिंपांवर तरंगणारी तीन मजली लाकडी शाळा उभारण्यात आली. तिची रचना देखणी होती आणि जगभरच्या नियतकालिकांत तिची छायाचित्रे झळकली. ७ जून २०१६ रोजी मुसळधार पावसात ती कोसळली. सुदैवाने मुलांना त्यापूर्वीच अन्यत्र हलविलेले असल्यामुळे प्राणहानी टळली. चलन बिलातील नौका छायाचित्रात इतकी मोहक दिसत नाही. परंतु तिची फळी निखळली तर ती बसविणारा सुतार त्याच गावात राहतो, आणि वादळाची चिन्हे दिसताच तिला आडोशाच्या खाडीत नेता येते. प्रयोगाची पारख करताना अधिकाऱ्यांनी दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न प्रथम विचारावा, असे या दोन उदाहरणांवरून वाटते.

आपल्या राज्यात नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांना तरंगत्या दवाखान्याची सेवा परिचित आहे. तेथील शिक्षकांना आणि अंगणवाडी सेविकांना होडीचा प्रवास नवा नाही. मात्र तेथे डोंगरउताराचे काठ आणि खोल जलाशय आहे, चलन बिलासारखे उथळ, पसरट पाणी नाही. त्यामुळे तेथील नौकेचा नमुना येथे जसाच्या तसा उचलता येणार नाही. घ्यायचेच असेल तर मुलांना गोळा करीत जाण्याची पद्धत आणि पाण्याच्या मानाने आखलेले वेळापत्रक घेता येईल.

शिधुलाईच्या शाळांपुढील सर्वांत बिकट प्रश्न पुराचा नसून पाणी आटण्याचा आहे, हे वाचकांस काहीसे विचित्र वाटेल. पद्मेपासून निघून चलन बिलाकडे येणारी बडाल नदी १९८० च्या दशकात चारघाट येथे दरवाजे बांधून नियंत्रित करण्यात आली. पुरापासून शेतीचे रक्षण करणे हा त्यामागील हेतू होता. परंतु प्रवाह मंदावला, गाळ साचला, आणि पात्रात ठिकठिकाणी आडवे बांध व अतिक्रमणे उभी राहिली. नदी पुन्हा वाहती करावी, यासाठी तेथील नागरिकांनी चळवळ उभारली आहे. पावसाळ्यात चोहीकडे समुद्र आणि उन्हाळ्यात नौका चालण्यापुरतेही पाणी नाही, अशी स्थिती काही फाट्यांवर येते. तेव्हा नौकेचा मार्ग मुख्य पात्रापुरता आखडतो, घाट कमी होतात, आणि दूरच्या वाड्यांतील मुलांना कोरड्या पात्रातून चालत येऊन आपली शाळा गाठावी लागते.