वाऱ्याला न जुमानणारी पावडर

डाय झिजली किंवा तिची कड तुटली, की वेल्डिंगने भराव घालायचा आणि घासून मापात आणायचं, हे छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्यातल्या टूलरूमना नवं नाही. लेझर मेटल डिपॉझिशनमध्ये हाच भराव फार नेमका पडतो. लेझरचा झोत धातूवर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं वितळलेलं डबकं करतो आणि भोवतीच्या नोझलमधून आर्गॉन वायूबरोबर धातूची पावडर त्यात सोडली जाते. थरावर थर चढत जातात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने अशी यंत्रं आपल्याकडेच घडवली आहेत.

कौतुक सगळं लेझरचं होतं. मला मात्र यातला सगळ्यात खट्याळ भाग नोझल वाटतो. एकात एक बसवलेले दोन शंकू आणि त्यांच्यामध्ये बारीक फट. मधोमध लेझर, फटीतून पावडर. काही नोझलांत फटीऐवजी तीन-चार नळ्या असतात. पावडर टोकाखाली काही मिलिमीटरवर एकवटते. डबकं त्याच जागी नसेल, तर महागाची पावडर इकडेतिकडे सांडते आणि थर खडबडीत होतो.

त्याच शहरातल्या उस्मानपुऱ्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून उभं आहे. तिथल्या मेकॅनिकलच्या मुलाला या प्रवाहाचा पहिला हिशेब वहीच्या एका पानात करता येईल. स्टेनलेस स्टीलचा 80 मायक्रॉनचा गोल कण धरा. वजन सुमारे 2 मायक्रोग्रॅम. मिनिटाला 5 ग्रॅम पावडर सोडली, तर सेकंदाला जवळपास 40 हजार कण बाहेर पडतात. आकडा मोठा वाटतो, पण सोबत मिनिटाला 5 लिटर आर्गॉन असेल, तर त्या प्रवाहाच्या दहा हजार भागांत पावडर जेमतेम एक-सव्वा भाग भरते. म्हणून कण एकमेकांवर आदळतात हे बहुतेक संगणकी मॉडेलं सोडूनच देतात. आधी वायूचा प्रवाह सोडवायचा, मग त्यात एकेक कण सोडून त्याची वाट काढायची.

आता खरी गंमत. वायूचा वेग अंगी बाणायला या कणाला, स्टोक्सच्या सूत्राने, सुमारे 0.13 सेकंद लागतात. सेकंदाला 5 मीटर वेगाने टोकापासून डबक्यापर्यंतचं 10 मिलिमीटर अंतर तो 2 मिलिसेकंदांतच काटतो. खळ्यावर उफणताना भूस वाऱ्यावर जातं आणि दाणा सरळ खाली येतो, तसा हा दाणा. बाहेर आल्यावर आर्गॉनने कितीही ओढलं, तरी तो आपली दिशा फारशी सोडत नाही. 20 मायक्रॉनचा कण थोडा ऐकतो. त्यालाही वळायला 8 मिलिसेकंद हवेत.

म्हणजे निकाल आतच लागलेला असतो. फटीच्या भिंतींवर टप्पे खात कण खाली येतो आणि शेवटचा टप्पा त्याची दिशा ठरवतो. टप्प्यात किती वेग उरतो, हा मॉडेलमधला सगळ्यात नाजूक आकडा. वायूच्या खळबळीसाठी के-एप्सिलॉन हे गणिती मॉडेल घ्यायचं की दुसरं काही, यावर लोक तावातावाने बोलतात. पण भिंतीचा आकडा डोळे मिटून भरलेला असेल, तर त्या वादात दम नाही. शिवाय भिंत कायम तशीच राहत नाही. पावडर तिला घासत असते आणि मॉडेलच्या रंगीत चित्रांतलं नोझल मात्र सदैव नवं कोरं! नोझल तिरपं केलं, की फटीत मंद चालणारे कण खालच्या बाजूला गोळा होतात, तेही वेगळंच दुखणं.

टोकाखाली एकवटलेल्या पावडरीची दाटी मध्यात जास्त आणि कडेला उतरती असते. मँचेस्टरच्या पिंकरटन आणि ली यांनी 2004 मध्ये ती समीकरणांत मांडली. ही दाटी लेझरलाही अडवते: काही प्रकाश कणच खातात, उडता उडताच तापतात आणि डबक्याला तेवढी ऊर्जा कमी मिळते.

हे सगळं पडताळायचं कसं? लेझर बंद ठेवायचा, नुसता आर्गॉन आणि पावडर सोडायची, बाजूने प्रकाशाचा पातळ पडदा टाकायचा आणि कॅमेऱ्याने टिपायचं. उजळ भाग म्हणजे दाट पावडर. मग बारीक भोकाची पट्टी धारेखाली सरकवत प्रत्येक जागी जमलेली पावडर काट्यावर तोलायची. भिंतीचा आकडा या तोलाशी जुळेपर्यंत बदलत राहायचा. तोंडाला मास्क आणि चांगला काटा असला, तर यातलं बरंचसं साध्या कॉलेज प्रयोगशाळेतही जमतं.