सामाईक संगणकावरील जागेची वाटणी

सामाईक वस्तूचा उपभोग सर्वांनी घ्यावा, हे तत्त्व कोणालाही मान्य असते. परंतु कोणी किती घ्यावा, हे ठरविण्याची वेळ आली की मतभेद सुरू होतात. तिळारीच्या पाण्याचे उदाहरण पेडणे व डिचोली तालुक्यांतील शेतकऱ्यांना परिचित आहे. गोवा व महाराष्ट्र या दोन राज्यांनी १९९० साली या प्रकल्पाचा करार केला, त्यात गोव्याचा वाटा ७३.३ टक्के व महाराष्ट्राचा २६.७ टक्के असा ठरला. वाटा आधी ठरला म्हणजे पुढील तंटे पुष्कळ कमी होतात.

शाळेतील संगणकाचीही गोष्ट अशीच आहे. संगणक-कक्षात पडदे अनेक दिसतात. पण विद्यार्थ्यांचे सारे लेखन पुष्कळदा एकाच मुख्य यंत्राच्या तबकडीवर साठविलेले असते. या शतकाच्या आरंभी 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' या उपक्रमातून परदेशातील वापरलेले संगणक गोव्यातील शाळांना मिळाले. अशी जुनी यंत्रे एका मुख्य संगणकाला जोडून लिनक्स प्रणालीवर चालविण्याची पद्धतही त्या काळी अवलंबिली गेली. या पद्धतीत खर्च वाचतो. मात्र जागा सर्वांची एकच राहते.

आता समजा, डिचोलीच्या एखाद्या विद्यालयातील दोघा-तिघांनी त्या तबकडीवर चित्रपट साठविले. जागा संपली, हे त्यांना कळतही नाही. कळते ते दहावीच्या त्या मुलीला, जिने आठवडाभर खपून प्रकल्प लिहिला आणि शेवटच्या दिवशी तो जतन करावयास घेतला. यंत्र नकार देते व तिचे श्रम वाया जातात. जिने सर्वांत कमी जागा घेतली, तिलाच दंड भरावा लागतो. शिवाय यंत्राला स्वतःच्या नोंदींसाठी व छपाईसाठीही रिकामी जागा लागते. ती नसली म्हणजे साऱ्या वर्गाचेच काम अडते.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक खात्याला जागेचा कोटा ठरवून देणे. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठाने १९८३ साली प्रसृत केलेल्या युनिक्स प्रणालीत ही सोय होती; ती रचण्यात मेलबर्न विद्यापीठातील रॉबर्ट एल्झ यांचा मोठा वाटा होता. तीत दोन रेषा आखलेल्या असतात. पहिली रेषा सौम्य असते. ती ओलांडली की सूचना मिळते व आवराआवर करण्यास सवलतीची मुदत लाभते. लिनक्समध्ये ती सामान्यतः सात दिवसांची असते. दुसरी रेषा कठोर असते, तिच्यापुढे एक अक्षरही लिहिता येत नाही. मुदत उलटूनही आवराआवर झाली नाही, तर पहिली रेषाच कठोर ठरते.

हिशेब सोपा आहे. तबकडी ५०० गिगाबाइटची आणि खाती २०० असली, तर प्रत्येकास पहिली रेषा २ गिगाबाइटची व दुसरी सव्वादोनची ठेवावी. सर्वांनी शेवटची रेषा गाठली तरी ४५० गिगाबाइट भरतात व ५० यंत्रासाठी शिल्लक राहतात. फाइलींच्या संख्येवरही अशीच मर्यादा घालता येते, कारण लक्षावधी चिमुकल्या फाइलीदेखील यंत्राला जड होतात.

तथापि सर्वांना सारखे देणे म्हणजे नेहमीच न्याय नव्हे. ज्या वर्गाला चित्रफीत तयार करावयाची आहे, त्याला गट म्हणून अधिक वाटा द्यावा व काम संपताच तो परत घ्यावा. शिक्षकांच्या खात्यांनाही मर्यादा असावी. नियम वरच्यांना लागू नसला, तर खालच्यांना तो जाच वाटतो. मुख्य म्हणजे कोणाच्या फाइली परस्पर पुसू नयेत. काय ठेवावे व काय टाकावे, हे ज्याचे त्यानेच ठरवावे, आणि त्यासाठीच तर ती सवलतीची मुदत असते.

वर्षाच्या प्रारंभी हा नियम मुलांना मराठीत समजावून सांगून फलकावर लावला, तर परीक्षेच्या तोंडावर कोणावर रडण्याची पाळी येणार नाही.