धूळ कापसाची, दाह पेशींचा
बडनेरा हे वऱ्हाडी कापसाचं जुनं ठाणं. इथल्या रेल्वेने गाठी मुंबईकडे नेल्या, इथे जीन-प्रेस उभे राहिले, सूतगिरणीही चालली. जीनमध्ये सरकी आणि रुई वेगळी होताना जी धूळ उडते, ती निव्वळ कापसाची नसते. तिच्यात पऱ्हाटीच्या पानांचा चुरा असतो, माती असते आणि झाडावर वाढलेल्या जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे, म्हणजे एन्डोटॉक्सिनही असतं. गिरणीच्या पिंजण खात्यात ही धूळ वर्षभर छातीत जाते. सुटीनंतर कामावर आलेल्या कामगाराची छाती आवळते. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. माझं म्हणणं असं की, इथे इजा करतो तो धुळीचा भार नव्हे, तिला आपल्याच पेशींनी दिलेलं उत्तर. १९८७मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कापसाच्या धुळीने श्वासक्षमता घटली. ती घट धुळीच्या वजनापेक्षा एन्डोटॉक्सिनच्या प्रमाणाशी जुळली.

पेशींचं हे उत्तर जन्मजात असतं. फुप्फुसातल्या भक्षक पेशींवर टीएलआर-४ नावाचा पहारेकरी असतो. एन्डोटॉक्सिन ओळखणारा तो हाच, हे शास्त्रज्ञ ब्रूस बॉयटलर यांनी १९९८मध्ये दाखवलं. २०११च्या नोबेल पुरस्कारात या शोधाचा वाटा होता. इशारा मिळताच पेशी दाह वाढवणारी प्रथिनं तयार करते. जिवाणूचा अंश पेशीच्या आत पोचला, तर कॅस्पेस-४ हे विकर गॅस्डर्मिन-डी हे प्रथिन कापतं. त्याचे तुकडे पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात, पेशी फुटते आणि आतला इंटरल्यूकिन-१ बाहेर पडून आणखी पेशींना बोलावतो. एरवी म्हातारी पेशी गाजावाजा न करता मरते. हे मरण मात्र भोवताली दाह पसरवतं.

मग हा पहारेकरीच औषधाने गप्प का करू नये? टीएलआर-४ निकामी असलेले उंदीर एन्डोटॉक्सिन सहज पचवतात, पण साल्मोनेलाच्या संसर्गाने लवकर मरतात. जिथे रोज जंतू छातीत जातात, तिथे हे संरक्षण काढून घेणं घातक आहे. दुसरा आक्षेप सवयीचा: आठवडा सरता सरता त्रास कमी होतोच ना? होतो, पण वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या फुप्फुसाची क्षमता घटतच जाते. त्रास न जाणवणं म्हणजे बरं होणं नव्हे. म्हणून उपाय हवेत करायला हवा: यंत्रापाशीच धूळ ओढून घेणं, एन्डोटॉक्सिन मोजणं, सुटीनंतरच्या पहिल्या पाळीआधी आणि नंतर श्वासाची चाचणी. कायद्याने कळवण्याच्या आजारांच्या यादीत बिसिनोसिस आहे. तो कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. पण चाचणीच झाली नाही, तर कळवायचं काय? कायद्याचा अर्थ त्या चाचणीपासूनच सुरू होतो.